ऐनवेळी फ्रान्सला निघायचं तर: आधी कागद, मग तिकीट, गाव शेवटी

विचारणाऱ्यांची परिस्थिती थोडक्यात अशी आहे. नवरा-बायको आणि सात वर्षांची मुलगी, राहायला इंग्लंडमधल्या रेडिंगला. नवऱ्याचा आणि मुलीचा पासपोर्ट ब्रिटिश, बायकोचा भारतीय आणि ती इथे कामाच्या व्हिसावर. गाडी आहे. दोघांच्या सुट्ट्या जेमतेम आठवडाभर आधी नक्की होतात. तेवढ्यात पॅरिसच्या रेल्वेची तिकिटं पाहिली की तिघांचा आकडा बघूनच बेत गुंडाळला जातो. दोन-तीन दिवसांसाठी, फार खर्च न करता, मनात आलं की फ्रान्सला जाता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

येईल. मी बरीच वर्षं अशा फेऱ्या करते आहे आणि ओळखीच्या कुटुंबांना आखूनही देते. त्यावरून ठाम सांगते, की ऐनवेळी निघणं ज्यांना जमतं त्यांचे कागद कायम तयार असतात आणि अमुक एका गावाचा हट्ट नसतो. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. आधी गाव ठरतं, तेही पॅरिस. मग तारीख, मग तिकीट, आणि व्हिसाची आठवण सगळ्यात शेवटी. अशा क्रमानं गेलं की स्वस्तही मिळत नाही आणि ऐनवेळीही जमत नाही.

म्हणून आधी लगीन कोंडाण्याचं, म्हणजे बायकोच्या शेंगेन व्हिसाचं. फ्रान्ससकट युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा हा एकच व्हिसा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी फ्रान्सचा अर्ज टीएलएसकॉन्टॅक्ट या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा असतो. लंडन, मँचेस्टर आणि एडिंबरा इथे केंद्रं आहेत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज घेतात. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे, वर केंद्राचा सेवाआकार. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळाच मिळत नाहीत, तेव्हा हा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा जानेवारीत उरकावा. कंपनीचं पत्र, तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि परतीनंतरही निदान तीन महिने चालणारा पासपोर्ट लागतो. इथल्या वास्तव्याच्या परवान्याचीही मुदत परतीनंतर तीन महिने तरी उरलेली असू द्या.

पहिला अर्ज नीट आखलेल्या एका खऱ्या सहलीसाठी करा. हॉटेल असं निवडा की बुकिंग रद्द केलं तरी पैसे परत मिळतील. आणि मागताना अनेक प्रवेशांचा, म्हणजे मल्टिपल एंट्री व्हिसा मागा. सोबत साध्या शब्दांत पत्र जोडा: आम्ही दक्षिण इंग्लंडमध्ये राहतो, नवरा आणि मुलगी ब्रिटिश आहेत, वर्षभरात शनिवार-रविवारला जोडून छोट्या सहली करायच्या आहेत. पुढच्या एखाद्या फेरीचं बुकिंग झालेलं असेल तर तेही लावा. किती मुदतीचा व्हिसा द्यायचा हे शेवटी वकिलातीच्या हातात असतं. पण नियमांत चढती भांजणी आहे. आधीचे व्हिसे घेतले, वापरले आणि वेळेत परत आलात, की पुढे एक वर्षाचा, मग दोन आणि मग पाच वर्षांचा मिळू शकतो. म्हणून पहिला व्हिसा पासपोर्टात नुसता पडून राहू देऊ नका. आणि तो फ्रान्सनं दिलेला असेल तर मुख्य मुक्काम फ्रान्सचाच ठेवा. एकदा वर्षाचा व्हिसा हातात आला की चार-पाच फेऱ्यांवर त्याची फी विभागली जाते, आणि मग शुक्रवारी संध्याकाळी ठरवून शनिवारी निघणं शक्य होतं.

कामाच्या व्हिसावर असलेल्या पुष्कळ जणी 'आयएलआरचे (कायम वास्तव्याच्या परवानगीचे) दिवस वाया जातील' म्हणून कुठे जात नाहीत. सध्याचा नियम पाहा: कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपर्यंत बाहेर राहिलेलं चालतं, आणि मोजले जातात ते फक्त पूर्ण दिवस. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस धरत नाहीत. म्हणजे शनिवारी जाऊन रविवारी आलं तर अनुपस्थिती शून्य. तारखांची वही मात्र ठेवा, अर्जाच्या वेळी फार उपयोगी पडते. आणखी एक: वास्तव्याच्या परवान्याचं बीआरपी कार्ड गेलं, आता ई-व्हिसा आला. पासपोर्ट नवा केला असेल तर तो यूकेव्हीआय, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या, ऑनलाइन खात्यात जोडलेला आहे ना, हे घर सोडण्याआधी बघा. परत येताना पंचाईत होते ती इथेच.

ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनाही आता गृहीत धरून चालत नाही. फ्रान्समध्ये शिरताना पासपोर्ट दिलेल्या तारखेला दहा वर्षं उलटलेली नसावीत आणि निघण्याच्या दिवसानंतर तो तीन महिने चालणारा असावा. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं, ही मर्यादा त्यांनाही आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी नोंदणी, ईईएस, टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. पहिल्यांदा नोंदणी होताना वेळ लागतो, म्हणून पहिल्या फेरीला बंदरावर हाताशी जास्तीचा तास ठेवा. डोव्हर, फोकस्टन आणि सेंट पँक्रसला फ्रेंच पोलिसांची तपासणी इंग्लंडच्याच जमिनीवर होते. न्यूहेवन किंवा पोर्ट्समथहून गेलात तर ती पलीकडे उतरल्यावर. चुकून कागद राहिलाच तर डोव्हरहून मुकाट घरी परतता येतं, पण न्यूहेवनच्या पलीकडच्या दिएपला तेच समुद्र ओलांडल्यावर कळतं.

आता जायचं कसं. तुम्ही तिघं आहात आणि गाडी आहे, तर रेल्वेचा विचार सध्या बाजूला ठेवा. रेल्वेचं तिकीट माणशी, पण समुद्राखालच्या बोगद्यातून मोटारी नेणाऱ्या ल शटलचं मोटारीमागे. एका गाडीत नऊ जणांपर्यंत त्याच पैशांत जातात. बोटीवरही मुख्य भाडं गाडीचंच असतं. म्हणून आणखी एखादं कुटुंब एका मोठ्या गाडीत सामावलं तर माणशी खर्च एकदम खाली येतो. बोगद्यातून ३५ मिनिटं, डोव्हर ते कॅले बोटीनं साधारण दीड तास. एका दिवसाच्या किंवा एका मुक्कामाच्या फेरीचे दर दोन्हीकडे वेगळे आणि बरेच कमी असतात, आणि पाच दिवसांपर्यंतच्या छोट्या मुक्कामाचेही निराळे. दर बघताना परतीची तारीख घालूनच बघा. एकेरी दोन तिकिटं घेणारे उगाच जास्त मोजतात.

भाव सगळ्यात चढा असतो तो शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी जाताना, रविवारी दुपारी येताना, आणि शाळांच्या हाफ-टर्मला, म्हणजे सत्रामधल्या सुट्टीला. त्याच आठवड्यात शनिवारी दुपारनंतर निघून सोमवारी पहाटे परतलात तर अनेकदा निम्म्यात काम होतं. सोमवारी पहाटेची बोट, मग थेट शाळा आणि ऑफिस, हे दमवणारं आहे, पण जमतं. सुट्टी मोकळी असेल तर मंगळवार-बुधवार सगळ्यात उत्तम. तारखेचा खेळ खेळायचा तो इथे. हवा बघा, भाव बघा, मग कुठल्या बंदराला उतरायचं ते ठरवा, आणि गाव त्या बंदरापासून तासाभराच्या आत शोधा. रेडिंगहून पोर्ट्समथ जवळ आहे हे खरं, पण तिथल्या बोटी लांब पल्ल्याच्या. कॉं, सें-मालो, शेर्बुर्ग यांना जाताना वेळ जातो आणि रात्रीची बोट घेतली तर केबिनचा खर्च येतो. चार-पाच दिवस हातात असतील तेव्हाच तिकडे वळा.

एकट्यादुकट्यासाठी मात्र गणित बदलतं. पॅरिसच्या रेल्वेनं, म्हणजे युरोस्टारनं, २०२५ मध्ये 'स्नॅप' ही स्वस्त तिकिटांची योजना परत आणली आहे. तारीख आणि सकाळ की दुपार एवढंच तुम्ही निवडायचं, नेमकी रेल्वेगाडी निघण्याच्या ४८ तास आधी कळते, आणि तिकीट बरंच स्वस्त पडतं. लंडनच्या व्हिक्टोरियाहून रात्रीच्या बसही पॅरिसला जातात, त्या सगळ्यात स्वस्त. पण मध्यरात्री तपासणीसाठी झोपेतून उठून खाली उतरावं लागतं. लहान मुलीला घेऊन मी ती बस सुचवणार नाही.

माझा स्वतःचा सगळ्यात आवडता मार्ग न्यूहेवन ते दिएप. बोट चार तासांची, गाडी, सायकल किंवा नुसतं पायी, कसंही जाता येतं. लंडन व्हिक्टोरियाहून लुइसमार्गे न्यूहेवन टाउन स्टेशनला उतरलं की बंदर चालत काही मिनिटांवर. या मार्गावरच्या दोन बोटींची नावं 'सेव्हन सिस्टर्स' आणि 'कोत द'आल्बात्र'; एक ससेक्सच्या पांढऱ्या कड्यांचं नाव, दुसरं नॉर्मंडीच्या. बोट सुटताना मागे जे पांढरे कडे दिसतात तसेच चार तासांनी समोर उभे राहतात.

शुक्रवारी रात्री उशिराची बोट घेतली तर शनिवारी सूर्य उगवायच्या आत दिएप येतं. फ्रान्सचं घड्याळ तासभर पुढे असल्यानं झोप फार होत नाही, त्यामुळे ही बोट मोठ्यांसाठी. मुलीला घेऊन सकाळची घ्या. पण पायी प्रवासी म्हणून त्या रात्रीच्या बोटीनं एकदा तरी जावंच. बंदरातून बाहेर पडून कड्याच्या पायथ्यानं, ल पोले या कोळ्यांच्या जुन्या वस्तीतून, पूल ओलांडून गावात शिरायचं. तोवर ग्रां रू आणि सें-जाक चर्चच्या आसपास शनिवारच्या बाजाराची मांडामांड चाललेली असते. बेकरीचं दार उघडलेलं असतं. कोणी पेट्या उतरवतं, कोणी कोंबड्या सळईला लावतं, मातीसकटचे लीक रचून ठेवतं. ऑक्टोबर ते मे या हंगामात शिंपल्यांचा ढीग असतो, कोकीय सें-जाक म्हणतात त्या पंख्याच्या आकाराच्या शिंपल्या. विक्रेता सुरी घालून एका झटक्यात शिंपला उघडतो, आतला पांढरा गर आणि केशरी जिभेसारखा भाग पाण्यात खळखळून कागदावर ठेवतो. पलीकडे नफशातेलचं चीज, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. एक चीज, एक पाव, पाव किलो सफरचंदं घेऊन गोट्यांच्या किनाऱ्यावर बसलात की तिघांची न्याहारी एका माणसाच्या हॉटेलातल्या नाश्त्यापेक्षा कमी पैशांत होते. पुढे वेळ असेल तर रेल्वेनं रूआँ पाऊण-एक तासावर आहे. जोन ऑफ आर्कला जिथे १४३१ मध्ये जाळलं तो चौक आणि मोनेनं पुन्हा पुन्हा रंगवलेलं ते कॅथीड्रल. या प्रादेशिक गाड्यांना आरक्षण लागत नाही आणि ऐनवेळी भाव चढत नाही. टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांचा चढतो. ऐनवेळी जाणाऱ्यानं फ्रान्समध्ये टेर या प्रादेशिक गाड्यांवरच भिस्त ठेवावी.

सायकलवाल्यांसाठी एवढंच सांगते, की दिएपजवळच्या आर्क-ला-बाताय या गावापासून फोर्ज-लेझ-ओपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर सायकलवाट केलेली आहे. चढ जवळजवळ नाहीच.

कॅलेला उतरणारे सरळ मोटारवे धरून दूर निघून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नगरभवनासमोर रोदँचं 'कॅलेचे नागरिक' हे शिल्प आहे. १३४७ मध्ये वेढ्यानं गाव उपाशी पडल्यावर गळ्यात दोर घालून इंग्लंडच्या राजापुढे जायला निघालेले ते सहा जण. त्यासाठी एक पैसा लागत नाही, आणि गावातल्या बसही फुकट आहेत. डंकर्कच्याही. तिथून मोटारवे टाळून डी ९४० या किनाऱ्याच्या रस्त्यानं बुलोनकडे जा. काप ब्लां-ने या भूशिराच्या माथ्यावरून हवा स्वच्छ असेल तर डोव्हरचे कडे दिसतात. पुढे विसांचा वाळूचा किनारा दोन भूशिरांच्या मधोमध पसरला आहे, आणि सात वर्षांच्या मुलीला तिथे अख्खा दिवस पुरतो. बुलोनला जुन्या तटावरून गावाला प्रदक्षिणा घालता येते, तीही फुकट. नॉसिकाचं मत्स्यालय युरोपातलं सगळ्यात मोठं. तिकीट स्वस्त नाही, पण पाऊस असेल तर पैसे वसूल होतात. या भागातल्या समुद्राला आणि पावसाला धरूनच बेत करा, छत्रीपेक्षा वाऱ्याला टिकणारं जाकीट बरं.

आणि या कोपऱ्यात मराठी माणसानं आवर्जून जावं अशी एक जागा आहे: नव-शापेलचं, पहिल्या महायुद्धातलं भारतीय युद्धस्मारक. कॅलेहून गाडीनं साधारण सव्वा तास. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या दलाच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७व्या शीख पलटणीबरोबर या गावात शिरल्या आणि घराघरातून लढल्या. त्यात पुष्कळ जण मारले गेले किंवा जखमी झाले. पुढे मार्च १९१५ मध्ये इथेच मोठी लढाई झाली. ज्यांचं थडगंही सापडलं नाही अशा ४,७०० हून जास्त भारतीय सैनिकांची आणि मजुरांची नावं या स्मारकावर कोरली आहेत. हर्बर्ट बेकरनं आखलेलं हे स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ रोजी खुलं झालं. गोल आवार, अर्ध्या बाजूला दगडी जाळी, अर्ध्या बाजूला नावांची भिंत, मधे अशोकस्तंभाची आठवण देणारा खांब. आजूबाजूला सपाट शेतं आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. मुलीला सॅपर्सची नावं शोधायला लावा. पुण्याच्या शेजारच्या खडकीहून माणसं इथवर आली होती हे तिला तिथे उभं राहून जेवढं कळेल तेवढं पुस्तकातून कळणार नाही. जाताना टोल वाचवायचा असेल तर कॅलेहून ए१६नं डंकर्क आणि पुढे ए२५नं लीलच्या दिशेला जा. हे दोन्ही रस्ते फुकट आहेत. ए२६ला टोल पडतो. ए१६ही बुलोनपर्यंतच फुकट आहे.

गाडीत धोक्याचा त्रिकोण, प्रत्येकासाठी चमकणारं जाकीट, दिव्यांवर लावायच्या पट्ट्या आणि मागे 'यूके' अक्षरांचं स्टिकर असू द्या. जुनं 'जीबी' २०२१ पासून चालत नाही. विमा कंपनीला जाण्याआधी एक फोन करा. मोटारवेवर १३० किलोमीटर, पाऊस असेल तर ११०. आणि गावात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, खूण नसली तरी. इंग्लंडमध्ये शिकलेले ड्रायव्हर गोंधळतात ते इथे, डाव्या-उजव्याच्या फरकापेक्षा जास्त.

खाण्याचं. घरून डबा न्या, पण त्यात मांस आणि दुधाचं काही नको. युरोपात खाजगी सामानातून ते नेता येत नाही. म्हणजे तिखटमिठाच्या पुऱ्या, चकल्या, चटणी, मेथीचे ठेपले खुशाल न्या. पेढे, श्रीखंड, पनीर, दहीभात आणि चिकन घरी ठेवा. तिकडे जेवण बाराला सुरू होतं आणि दोनला स्वयंपाकघर बंद. अडीचला भूक लागली तर तुम्हाला महागडं काहीतरीच मिळेल. दुपारी ठरावीक दराचं जेवण घ्या आणि रात्री बाजारातलं चीज-पाव-फळं खोलीवर खा, खर्च निम्मा होतो. पाण्याची बाटली मागवू नका. 'कराफ दो' म्हटलं की नळाचं पाणी फुकट देतात. शाकाहारी असाल तर कुट्टूच्या पिठाची, धिरड्यासारखी गालेत मिळेल, ती बहुतेक मुलांना आवडते. मात्र 'सॉं व्यांद, सॉं प्वासों', मांस-मासे नकोत, असं स्पष्ट सांगा, कारण सॅलडमध्येही डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच गावांत सोमवारीही दुकानं बंद असतात. म्हणून खरेदी शनिवारी उरकायची.

कार्ड असं वापरा ज्यावर परकीय चलनाचा आकार पडत नाही. यंत्रानं 'पौंडांत घेऊ की युरोंत' असं विचारलं तर युरोच निवडा. मोबाइलचं रोमिंग आता अनेक कंपन्या रोजच्या हिशेबानं लावतात, तेही आधी बघा.

परत येताना चीज आणू नका. एप्रिल २०२५ मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे ब्रिटननं युरोपातून गाय, मेंढी, शेळी, डुक्कर यांचं मांस आणि दुधाचे पदार्थ खाजगी सामानातून आणायला बंदी केली. निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ताजी स्थिती पाहा, आणि तोवर चीज तिथेच खाऊन या. वाइन चालते, माणशी १८ लिटरपर्यंत, अर्थात मोठ्यांना.

तुम्हा तिघांची पहिली फेरी मी अशी आखेन. हाफ-टर्म सोडून कुठलाही शनिवार. दुपारची डोव्हर-कॅले बोट, एका मुक्कामाच्या दरानं. कॅलेजवळच्या साध्या साखळी-हॉटेलात एक खोली. तिथे भाडं खोलीमागे असतं, त्यामुळे तिघं असल्याचा फायदा. रविवारी सकाळी विसांचा किनारा, दुपारी बारा वाजता बुलोनला जेवण, तटावर फेरी, आणि रविवारी रात्रीची शेवटच्या काही बोटींपैकी एक. मुलगी बोटीवर झोपून जाते. सोमवारी रजा टाकावी लागत नाही. हे एकदा जमलं की दुसऱ्या फेरीला नव-शापेल, आणि तिसऱ्या वेळी मुलीला आजी-आजोबांकडे ठेवून दोघांनीच रात्रीच्या बोटीनं दिएप.